ई-अँटिजेनचे पेढे

यकृताच्या ओपीडीत शेजारी बसलेल्या काकांच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता. आम्ही दोघेही हिपॅटायटिस बीचे जुने पेशंट. "ई-अँटिजेन निगेटिव्ह आलं. सुटलो एकदाचा!" म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मीही खाल्ला.

पुढच्या पेशंटला आधीच आत बसवायची तिथली पद्धत, त्यामुळे काकांचा नंबर लागल्यावर डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला ऐकू आलं. "काका, विषाणू गेलेला नाही, बदललाय. ई-अँटिजेन नावाचं ते एक प्रथिन बनवणं त्यानं सोडलं, म्हणून या चाचणीत सापडत नाही. रक्तात मात्र भरपूर आहे, यकृताला सूजही आहे. दुर्लक्ष केलं तर यकृत आतल्या आत निबर होत जाईल. आजपासून गोळ्या."

माझ्याही फाइलीत कित्येक वर्षं तोच 'निगेटिव्ह' आहे, पण बाई सांगतात, माझ्या रक्तात विषाणू नावापुरताच. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. तरी दरवर्षी तो शब्द वाचून मी फाइल मिटतो, विषाणूचा आकडा असलेलं पुढचं पान बघतच नाही.

काकांनी बॉक्सचं झाकण लावलं. जरा वेळानं पुन्हा उघडून बॉक्स बाईंपुढे धरला.

"घ्या. वेळेत कळलं, त्याचे समजा."