हजेरीचा पास

गेटमास्तरांनी एकदा स्वतःच्या जावयाला भर उन्हात मैदानाबाहेर उभं केलं होतं. नवा जावई, धोंड्याच्या महिन्यात पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला, अंगावर सासऱ्यानेच घेतलेले कपडे. आत आमच्या क्लबच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल सुरू होती. जावई गेटवर आला आणि हसून म्हणाला, "मामा, मी हाय." मास्तर म्हणाले, "दिसायलंय मला. पास कुठाय?" पास नव्हता. जावयाने रसवंतीवर तीन ग्लास रस पिऊन पहिला हाफ काढला आणि दुसऱ्या हाफला घर गाठलं. त्यानंतर आठ दिवस मास्तरीणबाईंनी मास्तरांना भाकरी वाढली, पण शब्द वाढला नाही. आमच्याकडे जावयाचा असा अपमान कोणी विसरत नाही. मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं, "घरी जावई. गेटावर मानूस."

मास्तर म्हणत असलो तरी ते शिक्षक नव्हते. रेल्वेत गेटमन होते, पिंगळीच्या अलीकडच्या फाटकावर. मी पिंगळीचाच. माझे आईबाप दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि टोळीचा ट्रक मास्तरांच्या फाटकाशी थांबायचा. मुकादम हॉर्न वाजवून थकायचा. मागे साहेबांची जीप असली तरी मास्तर जागचे हलायचे नाहीत. "गेट पडलं म्हंजे पडलं. इंजन तुमचा हुद्दा इचारीत न्हाई," असं ते साहेबालाही सांगायचे. नोकरी संपल्यावर ते परभणीत राहायला आले आणि आमच्या क्लबने त्यांना मैदानाचं गेट दिलं. तिथेच त्यांचं नाव गेटमास्तर पडलं.

आमचा क्लब काही मोठा नव्हे. एक खोली, दोन जाळ्या, पांढऱ्या बाह्यांच्या जर्सी आणि उन्हाळ्यातली एक स्पर्धा. पण फायनलला सगळं गाव आमचं पाठीराखं व्हायचं. पत्र्याच्या गॅलरीत माणसं मावायची थोडी, पोलिसांची परवानगी तेवढ्यांचीच. पास विकायचा नाही, ही जुनी रीत. मग द्यायचा कोणाला? नगरसेवकाच्या मेहुण्याला, की रोज येऊन घसा फोडणाऱ्याला? मास्तर येण्याआधी तो मेहुण्यालाच मिळायचा. मी हे बघितलेलं आहे, म्हणून लिहितो.

मास्तरांनी चिठ्ठ्या काढल्या. घरात जमलेल्या जुन्या लग्नपत्रिका कात्रीने कापायच्या आणि पाठीमागे सही करायची. साखळीतल्या प्रत्येक सामन्याला, शेवटची शिट्टी झाल्यावर, जो अजून मैदानात असेल त्याच्या हातात एक चिठ्ठी. आपण हरलो तर दोन. कोणीतरी विचारलं, हरल्यावर दोन कामून? मास्तर म्हणाले, "जिंकल्यावर काय, कुत्रंबी नाचतंय." फायनलच्या आधी चिठ्ठ्या मोजायच्या आणि ज्याची हजेरी जास्त त्याला पास. पासही पत्रिकेचाच, जरा मोठा तुकडा. कोणाच्या पासावर गणपती, कोणाच्या पासावर वरमाईचं नाव, कोणाच्या पासावर 'कृपया आहेर आणू नये'.

त्यात एकदा घोटाळा झाला. पाथरीचा एक शिंपी फायनलला बायको, चार लेकरं, आई आणि मेहुणी घेऊन जीपमधून उतरला. मास्तरांनी अडवलं. शिंप्याने पास पुढे केला. "मास्तर, तुमीच लिव्हलंय. वाचा की." पासावर छापलेलं होतं, 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' मागची रांग हसून लोळायला लागली. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "गलती माझी हाय. छापलंय त्ये मानावं लागंल. या, पर लेकरं मांडीवर." म्हातारीला त्यांनी स्वतःचं स्टूल दिलं. पुढच्या वर्षीपासून ती ओळ कात्रीने आधी कापून काढायचे आणि कापताना तोंडातल्या तोंडात हसायचे.

त्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त जमायच्या धोंडिबांकडे. धोंडिबा येलदरीचे, धरणावर मासे धरणारे. पहाटेची मासळी दिली की एसटीने जिंतूर, तिथे गाडी बदलून परभणी. अंगाला मासळीचा वास यायचा, म्हणून गॅलरीत आपणहून सगळ्यांत वरच्या पायरीवर बसायचे. मास्तर त्यांना चिडवायचे, "धोंडिबा, आपला गोली तुझ्यावानी जाळं टाकाय शिकला असता तर कप घरी आला असता." धोंडिबा म्हणायचे, "मास्तर, मासा तरी दिसतोय. तुमच्या गोल्याला बॉलबी दिसंना."

आता माझं सांगतो. आमच्या सात पिढ्यांत बी.कॉम. झालेला पहिला माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही. क्लबने मला सचिव केलं ते मला अर्ज लिहिता येतो म्हणून. मास्तरांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त आनंद. मला बघितलं की हाक मारायचे, "ये ग्रॅज्वेट!" आणि बाजूच्याला सांगायचे, "ह्येचा बाप माझ्या गेटावर ट्रकात बसायचा. आज हा क्लबचा सायब हाय."

सचिव झाल्यावर माझ्याकडे तक्रारी यायला लागल्या. दुकानात कामाला असणाऱ्याला दुपारी सुट्टी नसते, त्याने हजेरी कशी लावायची? बायका रोज मैदानात येऊन बसतील का? तक्रारी खोट्या नव्हत्या, आजही मी त्यांना खोट्या म्हणणार नाही. पण त्यावर मी जे औषध काढलं ते माझ्या हुशारीचं होतं. मोबाइलवर फॉर्म टाकायचा. आधी भरेल त्याला आधी पास. ना ओळख, ना शिफारस.

मास्तरांना सांगायला त्यांच्या घरी गेलो. ते पत्रिकाच कापत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी आला त्येला पास, व्हय ना? चांगलंय. पर आला कुठं? मैदानात का मोबाइलात?"

मी म्हणालो, "मास्तर, सगळ्यांना सारखी संधी."

"धोंडिबाकडं बटनाचा फोन हाय."

"कोणाकडून तरी भरून घेतील."

"त्यो कुणाला काही मागत न्हाई. तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच मी चिडलो. म्हणालो, "मास्तर, तुमच्या फाटकाखाली आता भुयारी रस्ता झालाय. गाड्या थांबत नाहीत कोणासाठी. तुमच्या चिठ्ठ्यांचंही तेच झालंय." त्यांनी कात्री खाली ठेवली. हातातली पत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली आणि म्हणाले, "क्लब तुमचा. नियम तुमी केला, तर गेटावर मी त्योच पाळीन." त्या दिवशी पहिल्यांदा ते मला 'तुमी' म्हणाले. तेव्हा मला तो मान वाटला.

फॉर्म संध्याकाळी उघडला आणि चहा संपायच्या आत भरला. क्लासची पोरं, बँकेतले लोक, पुण्याहून सुट्टीला आलेले. फॉर्मात मी एक प्रश्न घातला होता, या मोसमात आपल्या क्लबचे किती सामने पाहिले? जवळजवळ प्रत्येकाने उत्तर दिलं होतं, 'सगळे'. त्या मोसमात असेही सामने झाले होते की मैदानावर खेळाडूंपेक्षा बघणारे कमी होते. ते मला माहीत होतं. तरी मी यादी छापली, खाली सही केली आणि मास्तरांच्या हातात दिली.

फायनलच्या दिवशी मी मंचावर पाहुण्यांना शाली घालत होतो. गेटवर काय झालं ते तिथे मदतीला उभ्या असलेल्या आमच्या राखीव गोलकीपरने मला नंतर सांगितलं. धोंडिबा आले. हातात रुमालाची पुरचुंडी, पुरचुंडीत मोसमभराच्या चिठ्ठ्या. मास्तरांनी यादी काढली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. म्हणाले, "धोंडिबा, तुजं नाव न्हाई."

धोंडिबा म्हणाले, "मास्तर, चिठ्ठ्या मोजा की. सगळ्या हायत."

"मोजायची गरज न्हाई. मीच दिल्यात. पर यंदा नियम दुसरा हाय."

धोंडिबांनी पुरचुंडी बांधली. भांडले नाहीत. एसटी कधी आहे ते मागच्याला विचारायला लागले. तेव्हा मास्तरांनी गळ्यातला क्लबचा बिल्ला काढला. त्यांनाही आत जायला तेवढाच आधार होता. तो धोंडिबांच्या गळ्यात घातला, यादी गोलकीपरच्या हातात दिली आणि म्हणाले, "एक मानूस आत गेला, एक भायेर आला. हिशेब बराबर हाय." आणि गेटच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

आम्ही ती फायनल दोन गोलांनी जिंकलो. वर्तमानपत्राला द्यायच्या बातमीत मी 'पारदर्शक पासवाटप' असा शब्द लिहिला होता.

मास्तर पुन्हा मैदानात आले नाहीत. मी त्यांच्याकडे जाणार होतो. आधी वाटलं, राग निवळू द्यावा. मग वाटलं, सचिवाने का जावं? मग पावसाळा लागला. मग पोळा झाला. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायच्या निमित्ताने जाऊ असं ठरवलं होतं, त्याच्या आधीच ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं. मी खांदा दिला. खांदा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, तेवढं सोपं होतं.

यंदा आम्ही फॉर्म बंद केला. कामावर जाणाऱ्यांसाठी आणि बायकांसाठी काही जागा राखून बाकीच्यांना पुन्हा हजेरीच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. माझ्या कात्रीला मास्तरांची सफाई नाही. पण सगळा मोसम धोंडिबा आले नाहीत. शेवटी फायनलचा पास घेऊन मी स्वतः येलदरीला गेलो. पाण्याच्या कडेला जाळं सांधत बसले होते. मला बसायला पोतं दिलं, चहा मागवला, आणि पास हातात घेऊन परत माझ्यापुढे ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, सायब."

"रागावलात?"

"राग कामून धरू? तुमी शिकलेले मानसं, चांगल्यासाठीच केलं आसंल." जाळ्याची गाठ दाताने ओढून ते म्हणाले, "त्या दिवशी मी वरच्या पायरीवर बसलो होतो. तितून भिंतीपल्याडचं दिसतंय. मास्तर सडकंच्या कडंला दगडावर बसलेले. आत गलका झाला की उठायचे. टाच वर करायचे. मंग खाली बसायचे. मला काही मॅच दिसंना, सायब. समद्यांचं तोंड मैदानाकडं अन् माजं एकट्याचं सडकंकडं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सुटल्यावर भायेर आलो तर मास्तर पळतच आले. हात धरला माजा. म्हनले, धोंडिबा, दुसरा गोल कसा झाला रं? सांग, सगळं सांग. अन् मला सांगता आलं न्हाई."