मोकळ्या जागेतल्या खाला

संध्याकाळी पाच वाजले की आमच्या शेजारच्या खाला, सगळ्या कॉलनीच्याच मावशी, मेथीची जुडी आणि परात घेऊन कॉलनीच्या मोकळ्या जागेत मधोमध बसत. घरी चांगला ऐसपैस ओटा होता, पण भाजी निवडायची ती तिथेच, पोरांच्या गोंगाटात. चेंडू परातीत पडला तर शिव्या देत आणि तोच चेंडू जोरात परत फेकत.

माजलगावची बाजारगल्ली सोडून आम्ही गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये आलो ते मुलांना ही जागा मिळेल म्हणूनच. पण शाळा लांब, क्लास लांब, साधं वहीचं दुकान नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरं रानात नेऊन टाकली." मलाही तेच वाटायला लागलं. गावात परत खोली बघतेय, असं खालांना सांगितलं तर त्या उखडल्याच.

"जा की! माझा अस्लम गल्लीतच खेळत व्हता. टेम्पो पायावरून गेला. सात वर्साचं लेकरू, पुढं समदं लहानपण उंबऱ्यात बसून काढलं त्यानं. मी इथं का म्हून आले, कळलं का आता?"

मी खोलीचा विषय पुन्हा काढला नाही.

एकदा शेजारच्या ठेकेदाराने त्या जागेत विटा उतरवल्या. "चार दिवसांचं काम आहे," म्हणाला आणि दोन महिने हलवल्या नाहीत. आमची पुरुषमंडळी निवेदनाचा मसुदा करत बसली. खालांनी ओढणी खोचली, आम्हा बायकांना ओळीत उभं केलं आणि सगळ्या विटा हातोहात त्याच्या फाटकासमोर रचल्या, कोपरे जुळवून. तो तणतणत बाहेर आला.

"बघून घ्या भाऊ, एक बी फुटली न्हाई. आता पोरं खेळू द्या."

त्याची नातही तिथेच खेळायची, हे बहुधा त्याला तेव्हा आठवलं. तो गुमान आत गेला.

गेल्या उन्हाळ्यात खाला गेल्या. मला माझी मोठी बहीण गेल्यासारखं झालं. मयत घरात, आणि पोरं मात्र सवयीने जमून खेळायला लागलेली. मी धावत जाऊन त्यांना दटावलं. सगळी भिंतीला चिकटून उभी राहिली. तेवढ्यात अस्लम लंगडत बाहेर आला. डोळे सुजलेले.

"भाभी, पोरं गप का म्हून झाली?"

"आज तरी नको रे."

"आजच खेळू द्या. ह्या आवाजापायीच अम्मी इथं आली व्हती."

जनाजा निघाला तेव्हा माझा धाकटा ओरडत धावा काढत होता. मी त्याला थांबवलं नाही.