पदर दातात, हात बाहेर

मी पत्रकं वाचत वाढले. वडिलांच्या बैठकीत स्वदेशीची, स्त्रीशिक्षणाची, दारूबंदीची पत्रकं पडलेली असत आणि मी ती जेवताना, वेणी घालताना, कधीही वाचायची. म्हणून लग्नानंतर लोधीपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि यांनी पुढची दांडी नसलेली एक जुनी सायकल आणून दिली, तेव्हा मला ते देशकार्यच वाटलं.

सासूबाईंनी एकच अट घातली. "बाजारात डोक्यावरचा पदर पडला की सायकल परत."

रोजचा टांगा आम्हाला झेपणारा नव्हता. सायकल गेली की शाळाही गेली. म्हणून मी पदराचा काठ दातांत घट्ट धरून निघायची. दोन्ही हात मोकळे.

यांनी एक नियम शिकवला होता : वळण्याआधी त्या बाजूचा हात लांब करायचा. मला तो फार पटला. रस्ता सगळ्यांचा आहे. मागून केळ्यांची बैलगाडी येवो की साहेबाची मोटार, आपण कुठे वळणार हे मागच्याला कळलंच पाहिजे. साहेबाच्या मोटारीतून कधी हात बाहेर येत नसे, म्हणून मी माझा जास्तच ताठ करायची.

पण वाटेवरच्या इतवारा बाजारात हात लांब करणं म्हणजे टांगा बोलावणं! पहिल्याच दिवशी मी उजवीकडे हात केला आणि मागच्या टांगेवाल्यानं लगाम खेचला.

"आइए बाई, किधर जाना?"

तोंडात पदर. मी नुसती मान हलवली आणि वळले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भाजीवाल्या हसायला लागल्या. "मास्तरीणबाई सायकलच टांग्यात घालून नेणार वाटतं!"

शनिवारी टांगेवाल्याचा धीर सुटला. "रोज रोकती हो, बैठती कभी नहीं! हमारी नहीं तो घोड़े की तो सोचो!"

आता मात्र मला गप्प राहवेना. मी पाय टेकवला आणि सुरू झाले. "दादा, मी टांगा बोलवत नाही! मी वळणार, ते तुम्हाला सांगते! न सांगता वळले तर तुमचा घोडा माझ्या अंगावर येणार नाही? तुम्हीही वळताना चाबूक आडवा धरा, पण मागच्याला सांगा!"

टांग्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. मेथीची जुडी मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पदर खांद्यावर आला होता.

मी तो घाईनं डोक्यावर ओढला.

सासूबाई टांगेवाल्याला म्हणाल्या, "तिचा हात दिसतो म्हणून तू थांबतोस. थांबतोस म्हणून माझी सून धड आहे. तिच्यावर काय ओरडतोस?"

"वो तो है, माँजी," तो मान खाजवत म्हणाला.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि आपल्या पेटीतून दोन पिना काढल्या. माझ्या डोक्यावर पदर नीट घेऊन सासूबाई तो पिनांनी केसांना अडकवू लागल्या.

"म्हणजे सायकल...?" मी विचारलं.

"तोंड मिटून जाणं तुला या जन्मात जमायचं नाही. हलू नको."

मला हसू आवरेना, पिन टोचली, आणि मग त्याही हसायला लागल्या.

सोमवारी वळणावर मी हात लांब केला आणि वर मोठ्यानं ओरडलेही, "वळतेय हो, दादा!"