ऐनवेळच्या विषयात रशिया

पाणीयोजनेवर तीन तास भांडून झालं आणि सरपंचांनी माझ्याकडं न बघताच जाहीर केलं, “आता ऐनवेळचा विषय. रशियाचा निषेध.”

मी प्रोसिडिंग लिहीत होतो. पेन जागच्या जागी थांबलं.

मी ग्रामसेवक. मलकापूरच्या पुढं, शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावात तेव्हा माझी नेमणूक होती. लोक आम्हाला भाऊसाहेब म्हणतात. सभेत जे बोललं जातं ते वरच्या साहेबांना खटकणार नाही अशा भाषेत लिहिणं, हे आमचं निम्मं काम. ‘ऐनवेळी येणारे विषय’ ही प्रत्येक अजेंड्याची शेवटची ओळ असते. तिथं गटार, बंद पडलेला दिवा आणि मोकाट कुत्री येतात. देश आजवर आला नव्हता.

युक्रेनवर हल्ला होऊन आठवडा झाला होता. टीव्हीवर सगळ्या देशांची न्यूयॉर्कची सभा दिसायची. एकेका देशाचा प्रतिनिधी उठून सांगायचा की रशियानं शेजाऱ्याच्या घरात घुसून चूक केली. तिथल्या निषेधाच्या ठरावावर आपला देश तटस्थ राहिला होता. सरपंचांना ते पचत नव्हतं. कोल्हापूरकडचा माणूस एकवेळ उपाशी राहील, तटस्थ राहणार नाही. एसटी उशिरा आली तरी आमच्याकडं निषेध होतो.

मी सरपंचांच्या कानात सांगितलं, हे आपल्या अधिकारात बसत नाही. बीडीओ साहेब, म्हणजे आमचे गटविकास अधिकारी, माझी वेतनवाढ रोखतील.

“शेजाऱ्याच्या घरात घुसल्यालं गावात चालतंय का?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. “मग तितं कसं चालंल?”

अधिनियमात याचं उत्तर मला सापडलं नाही.

गाव पेटायचं खरं कारण वेगळं होतं. दूध संस्थेचे सेक्रेटरी महादेव अण्णा यांची मुलगी प्राजक्ता खारकीवला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. हल्ला झाल्यापासून ती हॉस्टेलच्या तळघरात होती. दिवसातून एकदा दोन मिनिटं फोन यायचा. तेवढा वेळ शेजारपाजारचे सगळे अण्णांच्या दारात उभे असायचे.

ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. सरपंचांनी सूचक विचारला आणि प्राजक्ताची आई सुमनकाकी लगेच उठल्या. अनुमोदकासाठी दहा हात वर झाले. तेवढ्यात मागून आवाज आला, “माजा इरोध हाय.”

महादेव अण्णाच उभे होते.

“पोरगी अजून तितंच हाय,” ते म्हणाले. “ती बाहिर पडंपातूर कुणी काय बोलू नका. त्यांच्याच बंदुकीफुडनं तिला यायचं हाय.”

कुणीतरी म्हणालं, आपला ठराव रशियात कोण वाचतंय. अण्णांनी मान हलवली. “न्हाय वाचणार. कळतंय मला. पर जीव ऱ्हात न्हाय.”

“म्हणून गप बसायचं व्हय?” काकी त्यांच्याकडं वळल्या. “ज्यानं पोरीला तळघरात घातली, त्याला वाईट बी म्हणायचं न्हाय?”

पंचवीस वर्षांचा संसार, आणि दोघं भर सभेत समोरासमोर. अण्णांनी टॉवेल डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. दोघांचंही बरोबर होतं.

सरपंच हात वर करून मतदान घ्यायला निघाले. मला वाटलं, कुठलीही बाजू जिंकली तरी त्या घरात रात्री चूल पेटायची नाही. म्हणून मी उठलो आणि नोकरीत कधी न केलेली गोष्ट केली. माणसं मोजली.

ग्रामसभा कायदेशीर व्हायला ठराविक मतदार हजर लागतात. त्याला गणपूर्ती म्हणतात. आमच्या गावचा रिवाज असा, की सभेला तीस-चाळीस जण बसायचे आणि उरलेल्या सह्या शिपाई नंतर घरोघरी फिरून आणायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला सगळ्यांत जास्त.

“गणपूर्ती नाही,” मी म्हणालो. “सभा तहकूब.”

“भाऊसाहेब, आजवर कवा डोकी मोजली न्हाईसा ती?”

“आज मोजली.”

“मग पाणीयोजना?”

“तीपण तहकूब.”

तीन तासांचं भांडण वाया गेलं. लोक माझ्याकडं असे बघत होते की आता माझाच निषेध होतोय असं वाटलं. मी आठव्या दिवसाची तारीख देऊन दप्तर आवरलं. सुमनकाकी मला बघून तोंड फिरवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. हॉस्टेलच्या वॉर्डन ओक्सानाबाईंनी मुलींना चालत स्टेशनवर नेलं आणि कसंबसं एका गाडीत कोंबलं होतं. मग पोलंडची हद्द, दिल्लीचं विमान, आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी प्राजक्ता गावच्या स्टँडवर उतरली. अण्णांना तिची बॅगसुद्धा उचलता येईना. सरपंचांनी उचलली.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कायद्यानं कुणी आलं नसतं तरी चाललं असतं. आणि त्या दिवशी शाळेच्या पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. पाणीयोजना पाच मिनिटांत मंजूर झाली, कारण कुणाचंच तिच्याकडं लक्ष नव्हतं.

मग निषेध. सूचक प्राजक्ता. सरपंचांनी अण्णांकडं बघितलं.

“अनुमोदन माजं,” अण्णा म्हणाले. “आन् जरा जोरात लिवा.”

सरपंचांनी सांगितलेला मजकूर इतका जोरात होता, की त्यातला निम्मा मला सरकारी कागदावर घेता आला नाही. प्राजक्तानं मात्र एक ओळ वाढवायला लावली. ओक्सानाबाई मुलींना गाडीत बसवून परत फिरल्या होत्या, कारण त्यांची आई तिथं अंथरुणावर होती. त्यांचे गावानं आभार मानावेत. एका ठरावात दोन विषय घेऊ नयेत असा नियम आहे. मी घेतले.

सभा सुटल्यावर काकींनी मला चहा आणून दिला. “त्या दिशी तुमचा लई राग आलता,” एवढंच म्हणाल्या.

ठरावाची नक्कल पंचायत समितीत गेली आणि बीडीओ साहेबांचा फोन आला. कुठल्या कलमाखाली रशियाचा निषेध केलात, असं त्यांनी बराच वेळ चढ्या आवाजात विचारलं. शेवटी आवाज खाली आला.

“पोरगी आली का?”

“आली साहेब.”

“मग राहू दे.”

प्राजक्तानं ठरावाचा फोटो भाषांतर करून ओक्सानाबाईंना पाठवला होता. चार दिवसांनी उत्तर आलं: मी अजून इथंच आहे, गावाला सांगा. तिनं ते पुढच्या सभेत वाचून दाखवलं आणि मी ते प्रोसिडिंगला घेतलं.

युद्ध काही थांबलं नाही. ते न्यूयॉर्कच्या ठरावानंही थांबलं नव्हतं, मग आमच्याकडून कुणी तशी अपेक्षा ठेवू नये. मी शिकलो ते एवढंच. निषेध जरूर करावा, पण आधी आपलं माणूस बाहेर काढावं. आणि जे माणूस आत राहिलं, त्याचं नाव कागदावर घ्यावं.