होकाराचा नारळ घेऊन मालवण ते विजयदुर्ग, उपाशीपोटी सायकलवर

आधी नेहमीच्या वाचकांची चौकशी. सुलभाताई, गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली उशाशी ठेवूनच बरं वाटतं? कुडाळच्या परबकाकांचा खोकला थांबला का? मागच्या वेळी आवाज ऐकून वाटलं, फोनमध्ये कोणीतरी सुपारी फोडतंय. निखिल, तुझ्या सायकलच्या गिअरची तब्येत बरी असेलच, तुझ्या पाठीची सांग. आणि गिर्याची शालू, माझी धाकटी बहीण, तुझा खुबा? तुझ्याकडे शेवटी येतो, कारण आजची सगळी हकिकत तुझीच आहे.

निखिलने विचारलं होतं, "आजोबा, उपास करून लांबचा पल्ला मारता येतो का?" येतो रे बाबा. मी मारलाय. फक्त मी जे केलं ते करू नकोस.

साल बासष्ट किंवा त्रेसष्ट. मी विशीतला, चौथीत शाळा सोडलेला, मालवणच्या बाजारात सायकली दुरुस्त करणारा. शालूला विजयदुर्गजवळच्या गिर्याच्या एका घरातून मागणी आली होती. मुलगा वसंत, मुंबईत छापखान्यात कामाला. आमच्या घरी येऊन गेला तेव्हा शालूने दाराआडून त्याला बघितला आणि दिवसभर भाकऱ्या करपवल्या. आम्ही समजलो.

पण आमच्यात देवाला विचारल्याशिवाय होकार जात नाही. गावच्या देवळात कौल लावला. म्हणजे गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या देवाने दोन दिवस एकही पाकळी सोडली नाही! बाबा घामाघूम, शालू जेवेना. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला उजवी पाकळी टपकन पडली. लगेच नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घातलं. हा गाऱ्हाण्याचा नारळ मुलाकडच्यांच्या हातात पडला की होकार पोचला. तोंडी निरोपाला किंमत नाही.

घोळ असा, की वसंत दुसऱ्याच दिवशी मामाच्या गलबतातून मुंबईला निघणार होता, दुपारच्या ओहोटीला, विजयदुर्गच्या बंदरातून. आणि त्या मामाने परळमधली एक मुलगी हेरून ठेवली होती. मालवणचा नारळ वेळेत आला नाही तर मुंबईत उतरल्यावर तीच बघायची, असं बोलणं झालेलं. एसटीने जायचं तर गाड्या बदलत परवाचा दिवस उजाडला असता. तार करूया म्हटलं तर आई म्हणाली, "तार इली की त्या घरातली आधी रडाक बसतली, मगे वाचतली."

म्हणून मी म्हटलं, "मी जातंय, सायकलीन."

दुसरा दिवस महाशिवरात्रीचा. आईने तिथल्या तिथे बोलून टाकलं, "देवा म्हाराजा, माझो झील उपाशी जातलो. नारळ पोचासर पाण्याबगर काय तोंडात घालूचो नाय." माझा उपास मला न विचारता ठरला.

पहाटे चारला निघालो. दुकानाच्या मालकाने दिलेल्या सायकलला ब्रेक एकच, तोही त्याच्या मनात आलं तर. नारळ लाल फडक्यात गुंडाळून कॅरिअरला सुंभाने बांधला. शालू पणती घेऊन पायरीवर उभी होती. एवढंच म्हणाली, "दादा, नारळ सांभाळ." मला वाटलं होतं म्हणेल, स्वतःला सांभाळ.

आता रस्ता सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना जायचंय. तेव्हा पूल नव्हते. कोळंबची खाडी होडीने, पुढे रेवंडीहून तळाशिलला परत होडीने. माणसाचे दहा नये पैसे, सायकलचे तेवढेच. तळाशिलचा होडीवाला म्हातारा वल्हं मारता मारता म्हणाला, "खंय चललंस रे एवढ्या फाटफटी?"

"विजयदुर्गाक."

"सायकलीर? काय खाल्लंस?"

"काय नाय. उपास आसा."

म्हाताऱ्याने वल्हंच थांबवलं. "मेल्या, उपास कर नायतर सायकल चालव. देवाक एका दिसात किती कामा सांगशीत?" होडीतल्या कोळणी टोपल्या सावरत खिदळल्या. एक म्हणाली, "पोचलो तर देव पावलो, नाय पोचलो तरी देवाकडेच गेलो!"

चतुर्दशीला सकाळी ओहोटी असते हे ध्यानात ठेवा. तळाशिलपासून तोंडवळीपर्यंत ओली वाळू अशी घट्ट, जणू समुद्राने माझ्यासाठी सारवून ठेवलेली. डावीकडे लाटा, उजवीकडे सुरूची बनं आणि माड, मध्ये मी. चाकाखालून कुर्ल्या सैरावैरा पळतायत, आणि मी मोठ्याने आरत्या म्हणतोय. उपाशी माणसाला सकाळी जी एक हलकी झिंग चढते तिचं नाव मला माहीत नाही, पण त्या वाळूवर मी दोन्ही हात सोडून सायकल चालवली. जन्मात पहिल्यांदा. शेवटचंही.

आचऱ्याला विहिरीवर पोटभर पाणी प्यालो. मिठबावच्या पुढे कुणकेश्वराची जत्रा सुरू झाली. बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी, पिपाण्या. आणि वास! रताळी भाजल्याचा, वऱ्याच्या तांदळाचा, खोबऱ्याच्या चटणीचा. सगळा गाव उपाशी आणि सगळ्यांची तोंडं हलतायत. एका बाईने मला हाताला धरून बसवलंच. "खा रे झिला, ह्या उपासाचाच आसा."

"माका चलाचा नाय, मावशे. पाण्याबगर काय नाय."

"कोणी सांगल्यान?"

"आवशीन."

"तुझी आवस खंय बघता?" असं म्हणून ती वाफाळतं रताळं माझ्या नाकासमोर धरून बसली. मी देवाला बाहेरूनच हात जोडले आणि पळालो. त्या रताळ्याचा रंग मला अजून आठवतो.

तारामुंबरीची खाडी ओलांडून देवगड, जामसंडे. तिथे दुपार झाली. वाडातरला परत होडी, आणि मग पडेलचा सडा. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, सावलीला झाड नाही, काजूची चार झुडपं तीही मोहोरात दंग. खालून तापतं, वरून तापतं. आता सकाळची झिंग गेली आणि दुसरीच आली. मला आपोआप हसू यायला लागलं. सायकलला म्हणालो, "तुका बरा, तू तेलार जगतंस." आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसलो की समोरची बकरी दिसली नाही.

ब्रेक दाबला. ब्रेकच्या मनात नव्हतं.

मी एकीकडे, सायकल एकीकडे, बकरी होती तिथेच. उठून बघतो तर सुंभ तुटलेलं, लाल फडकं ओलं. नारळाला उभी चीर गेली होती आणि पाणी कातळावर गळत होतं.

काय करू सांगा? शालूचा होकार कातळावर सांडतोय! मी झटकन उचलून तोंडाला लावला. मनात म्हटलं, पाणी चालतं, आईने पाणी चालेल असंच सांगितलंय. पाणी संपलं. मग चिरेतून पांढरं खोबरं दिसायला लागलं. फुटलेला नारळ सोयरिकीला नेता येत नाही, गाऱ्हाण्याचा नारळ फेकताही येत नाही. देवाचा म्हणजे प्रसाद, आणि प्रसादाला नाही म्हणू नये. असं एकेक ठरवत गेलो आणि शेवटी भानावर आलो तेव्हा नखाने करवंटी खरवडत होतो.

दोन रिकाम्या करवंट्या. उपास मोडलेला, होकार पोटात. समोर अजून चार-पाच मैल.

मागे फिरलो असतो तर शालूला काय तोंड दाखवलं असतं? करवंट्या फडक्यात बांधल्या आणि सुटलो. वाटेत घराघरापुढे माड डुलत होते. प्रत्येक माडावर वीस-पंचवीस नारळ, आणि एकही माझ्या कामाचा नाही. एक विकत घेऊन गपचूप द्यावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण गाऱ्हाणं दुसऱ्याच नारळावर घातलेलं, आणि पाकळी सोडायला देवाला तीन दिवस लागलेले. त्याला फसवायचं धाडस होईना.

विजयदुर्गचा उतार मी पाय जमिनीला घासत उतरलो. बंदरात गलबत नांगरलेलं, किल्ल्याची भिंत पाण्यापर्यंत आलेली, धक्क्याला शेवटची होडी भरत होती. आणि होडीत काय? नारळ! मुंबईला न्यायचे. राशीच्या राशी.

धक्क्यावर वसंत, त्याचा मामा आणि निरोप द्यायला आलेली आजी. मामाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मालवणचो काय रे तू? नारळ खंय?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "खाल्लंय."

 मी फडकं सोडून करवंट्या पुढे केल्या आणि बकरीपासून सगळं सांगितलं. वसंतचा चेहरा पडला. तो कोरा कागद झाला म्हणा ना, छापखान्यातला.

मामा म्हणाला, "नारळ नाय तर होकार खंयचो? चल रे वसंता, भरती ओसारता."

होडीतला एक खलाशी मदतीला धावला, "मामांनू, हयसर शेकड्यान नारळ आसत, त्यातलोच एक घेवा मरे!"

"गप रव!" आजी कडाडली. तिने काठी टेकली, माझ्या हातातून करवंटी घेतली आणि नाकाला लावून हुंगली. एकदा. परत एकदा. 

"खराच सांग. पाणी गोड होता, का खवाट?"

"गोड होता, आज्ये. साखरेसारख्या. आणि खोबरा…"

"खोबऱ्याचा कोणी इचारलेला नाय." ती मामाकडे वळली. "नारळ कुजको निघतो तर मी सोताच नको म्हटलंय असता. गोड निघालो. देवान वाटेतच फोडल्यान, चेडवाच्या भावाक खावक घातल्यान. होकार ह्याच्या पोटात आसा. तुका हातातच होयो तर ह्याका उचल नि मुंबयक घेवन जा!"

धक्का हसून हसून फुटायचा राहिला. मामासुद्धा मिशीतून हसला आणि म्हणाला, "नको, ह्यो वाटेत माझे सगळे नारळ खायत." वसंत होडीत चढला, आणि गलबताकडे निघालेल्या त्या होडीतून, दिसेनासा होईपर्यंत, टोपी हलवत राहिला. मी पण हलवली. माझ्याकडे टोपी नव्हती, लाल फडकं होतं.

उपासाचं काय, हे आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "मोडलो तो मोडलो. आता धड तरी मोड." रात्री गिर्याला तिच्या घरी मी सात रताळी खाल्ली. आईच्या नवसाचं म्हणून दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मुकाट्याने उपास केला आणि सायकल निम्मी वाट हातात धरून चालवली.

घरी आलो तर शालू पायरीवरच. "पोचलो?" एवढंच विचारलं. म्हटलं, "पोचलो." खोटं नव्हतं. खरं काय ते तिला लग्नातच कळलं. आजीने त्या करवंटीला बांबूची दांडी बसवून डवली केली होती, आणि नव्या सुनेच्या हातात पहिली तीच दिली. "तुझ्या भावान चाटून पुसून ठेवल्यान हा," म्हणाली. भर मांडवात शालूने माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

साठ वर्षं गिर्याला गेलो की पानात आमटी त्याच डवलीने पडते. आणि दर वेळी शालू विचारते, "दादा, करवंटी खाणार काय आता?"

तर निखिल, आता पूल झालेत, अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, पहाटे निघालास तर दुपारच्या आत पोचशील. उपास करणार असलास तर पाण्यात लिंबू-मीठ घाल, साखरेचा आजार असेल तर हा नादच नको, आणि पडेलच्या सड्यावर दुपारी जाऊ नकोस. ब्रेक तपास. कुणकेश्वरला कोणी रताळं दिलं तर खा. हट्ट करायला आयुष्य पडलंय.

शालू, तुझा खुबा मोडून तीन महिने झाले. वसंतराव गेल्यापासून तू तशीही कमी बोलतेस, आता फोनही उचलत नाहीस. तुझी सूनबाई म्हणते, सासूबाई नुसत्या आढ्याकडे बघून असतात. स्वयंपाकघरात आता स्टीलचे डाव आलेत हे मला ठाऊक आहे. ती डवली कुठे आहे, तेवढंच कळव. उशाशी घेऊन ठेव आणि कोणी नको ते खायला घातलं तर तिने हाण. ब्याऐंशीचा झालोय, पण तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली नाही तर दुकानातून सायकल काढीन, आणि माझ्या सायकलला ब्रेक कसे असतात ते तुला माहीत आहे. म्हणून लवकर लिही गो. दादा पायरीवर बसलाय.