तारेचा रंग कोणी ठरवायचा

अदीब मुकादमला ऑफिसात कोणी नवं काम सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "होईल, पण कशाला?" यातलं 'होईल' तेवढं सगळ्यांना ऐकू येतं.

पनवेल स्टेशनामागे मालगाड्यांच्या एका मार्गासाठी नवं नियंत्रण केंद्र उभं राहिलं आहे. गाड्यांना वीज पुरवणाऱ्या तारा कुठे चालू आहेत, कुठे बंद, हे तिथल्या पडद्यांवर दिसतं, आणि माउसच्या एका टिचकीने दूरवरच्या तारेतली वीज तोडता किंवा जोडता येते. हे पडदे अदीब बनवतो. नोकरी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीची. वय चाळिशीचं, जन्म पनवेलच्या मोहल्ल्यातला. मस्कतजवळ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पात तो बरीच वर्षं हेच काम करत होता. अब्बांच्या आजारपणात परत आला आणि इथेच राहिला. मस्कतला पडद्यावरचे रंग कोणी विचारत नसे. ते ठरलेले असत. इथे वर्षभर त्याने रंगांबद्दल इतकी भांडणं केली की घराला रंग काढायची वेळ आली तेव्हा त्याच्या बायकोने, मुबीनाने, त्याला न विचारताच रंगारी बोलावला.

आधी या मार्गाचं काम एका भिंतभर पत्र्याच्या पॅनेलवरून चालायचं. त्यावर दिवे होते. लाल दिवा म्हणजे तारेत वीज आहे, जवळ जाऊ नका. हिरवा म्हणजे वीज बंद, माणूस चढू शकतो. एखादी नवी साइडिंग, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा रूळ, जोडायची तर पत्रा कापावा लागे आणि सुतार, वायरमन, रंगारी अशी वरात लागे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तेच काम अदीब सकाळच्या चहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकतो. याचा त्याला अभिमान आहे, आणि तो लपवतही नाही. सॉफ्टवेअर कसंही वळतं. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक पानावर 'लवचीक' हा शब्द आहे.

त्रास तिथूनच सुरू झाला.

वीज नियंत्रणाच्या टेबलावर पाळीपाळीने बसणाऱ्यांत गव्हाणचा दयाराम घरत सगळ्यात जुना. त्याची नोकरी पत्र्याच्या पॅनेलसमोर गेली. पूर्वी नावाची मुलगी सगळ्यात नवी. ती दुसऱ्या शहरातल्या मेट्रोचं काम करून आली होती आणि तिथे उलटं होतं: वीज चालू म्हणजे हिरवं, बंद म्हणजे लाल. रंग ठरवायच्या बैठकीत दोघांची जुंपली.

"लाल म्हंजे करंट हाय," दयाराम म्हणाला. "ह्या वयान आता हिरव्याला भ्यायला शिकू का?"

"काका, हिरवं म्हणजे सगळं ओके. सिग्नलला तुम्ही हिरव्यावर थांबता का?"

"पनवेलमंदी लालला तरी कोन थांबतंय?"

सगळे हसले. प्रकल्प प्रमुख हेतल मॅडमही हसल्या आणि त्यांनी वाद मिटवून टाकला. ज्याला जो रंग हवा तो मिळेल, असं त्या म्हणाल्या. ज्याने आपल्या नावाने लॉग-इन केलं त्याला त्याचे रंग. अदीबने नेहमीचं उत्तर दिलं. मग त्याने कारणही सांगितलं की वीज एकच आहे, तिचे दोन अर्थ नकोत. इतिवृत्तात त्याच्या हरकतीची नोंद झाली. संध्याकाळच्या आत सोय त्यानेच बनवून दिली.

त्या बैठकीत एक गोष्ट कोणालाच सुचली नाही, अदीबलाही नाही. या टेबलावरचा माणूस पाळी संपली म्हणून उठत नाही. पुढचा येतो, टेबलावर हात टेकतो, मग आधीचा खुर्ची सोडतो. तारेवरून नजर एक क्षणही हटता कामा नये, अशी ही जुनी शिस्त. लॉग-आउट करून नव्या नावाने आत यायचं तर पडदा काही वेळ काळा राहतो. तेवढ्यात काही झालं तर जबाबदार कोण? म्हणून कोणी लॉग-आउट करतच नसे. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव असायचं, ते आधीच्याचंच राहायचं.

त्या दुपारी तार दुरुस्त करणारी आनंदाची टोळी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली होती. आनंदा त्या टोळीचा म्होरक्या, दयारामच्याच गावाकडचा. वीज तोडल्याचा निरोप मिळाल्याशिवाय त्याची माणसं चढत नाहीत. पाळी संपता संपता पूर्वीने वीज तोडायची कमांड दिली. वीज तोडणारा दूरचा ब्रेकर अडकला, वीज तुटली नाही. तिच्या पडद्यावर तार हिरवी राहिली, म्हणजे चालूच. इतक्यात दयारामने टेबलावर हात टेकला. आनंदा वीज बंद व्हायची वाट बघतोय, कमांड दिलीय पण अजून झालेलं दिसत नाही, हे वाक्य ती पुरतं बोललीच नाही. पडद्यावर दिसतंच आहे, असं तिला वाटलं. आनंदा थांबलाय, कमांड दिलीय, बघा तेवढं, एवढंच म्हणून ती उठली.

दयारामने बघितलं. तार हिरवी. त्याच्या हिशेबी बंद.

वीज बंद झाल्याचं कळवायला त्याने आनंदाला फोन लावला. रेल्वेत असा निरोप नुसता चालत नाही. दोन्ही बाजूंनी आपल्या कागदावरचा एक आकडा सांगून तो पक्का करतात. आकडे सांगून झाले. चढण्याआधी आनंदाच्या माणसाने नियमाप्रमाणे लांब दांडा तारेला लावला. त्याचं दुसरं टोक रुळाला जोडलेलं असतं. तारेत काही उरलं असेल तर ते जमिनीत जावं, यासाठी. मोठा जाळ झाला. सबस्टेशन बंद पडलं, मालगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, दांड्याच्या टोकाचा हूक वितळला. माणसाला काही झालं नाही.

थोड्या वेळाने आनंदाचा फोन आला. "शेठ," तो म्हणाला, "तुमच्या बंदमंदी लय उजेड हाय."

दयारामने फोन ठेवला. मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं.

चौकशी झाली. कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने लॉग-इन केलं नाही, हे कारण निघालं. दयारामला ताकीद मिळाली. कोपऱ्यातली अक्षरं मोठी करावीत, अशी शिफारस झाली. सॉफ्टवेअर सांगितल्याप्रमाणेच चाललं, त्यात दोष नाही, असंही अहवालात होतं. अदीबला सगळ्यात जास्त तेच लागलं, कारण ते खरं होतं.

आता त्याला एकच हवं होतं: तारांचे रंग कायमचे बंदिस्त करायचे, चालू म्हणजे लाल, कोणालाही बदलता येऊ नयेत. पुढच्या वेळी दांडा लावायचा कोणी विसरला तर चौकशी माणसाच्या मरणाची होणार होती. हेतल मॅडमनी नकार दिला. वापरकर्त्याला रंग बदलता आले पाहिजेत, असं कराराच्या चाचणीत कलम होतं. ते नापास झालं तर केंद्राचं हस्तांतर अडणार होतं.

पडदा सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रावर सही मात्र अदीबची लागणार होती. ती करणार नाही, असं त्याने सांगितलं.

"तुम्ही नाही केली तर दुसरं कोणी करेल," मॅडम म्हणाल्या.

"करू दे. दांडा धरायलाही मग त्यालाच पाठवा."

पूर्वीलाही पटवावं लागलं. दर वेळी जुन्यांचंच का, असं तिने विचारलं. बाहेर तारेवर काम करणारे सगळे लालला भितात आणि उलटं शिकलेली तू एकटी आहेस, असं अदीब म्हणाला. म्हणजे मेजॉरिटी, ती म्हणाली. हो, मेजॉरिटी, त्याने मान्य केलं. ती काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. दयारामशीही बोलताना तोलून बोलायची, आणि त्याने तिला लालवरून पुन्हा कधी चिडवलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी अदीबने काय केलं आहे ते हेतल मॅडमना दाखवलं. बदलतं ना काहीतरी, एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी कलम वाचलं, अदीबने सेटिंग उघडून रंग बदलला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ निळ्याचं नारिंगी झालं. तारा लालच राहिल्या.

"यांचा का नाही बदलला?" तपासनिसांनी विचारलं.

"तो बदलायचा नाही म्हणून."

तपासनिसांनी कलम पुन्हा वाचलं. त्यात कशाचा रंग ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बरोबरची खूण केली. अदीबने प्रमाणपत्रावर सही केली आणि पेन खिशात ठेवलं.

तपासनिसांनी पान उलटलं. पुढचं कलम होतं: धोक्याच्या भोंग्याचा आवाज वापरकर्त्याला आपल्या आवडीनुसार निवडता येतो का?

"होईल," अदीब म्हणाला. "पण कशाला?"

त्यांनी खूण करून टाकली होती.