परटिणीच्या माथी मारलेला बिब्बा

वहिनीच्या अंगावर बिब्बा उतला तो परटिणीमुळे नाही, माझ्या कुत्र्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी धावड्याला थोरल्या भावाकडे राहून मास्तरकी करत होतो. एक काळं कुत्रं माझ्या मागं मागं घरी आलं ते राहिलंच. भावाचं म्हणणं एकच होतं, या कुत्र्याचा घरात कुणाला त्रास झाला तर त्याच दिवशी हाकलून देईन. वहिनी त्याला ओसरीवर भाकरी घालायची, बोलता बोलता त्याची पाठ खाजवायची. तेवढं भाऊ चालवून घ्यायचा.

संक्रांत होऊन गेली होती. रविवारी मी कुत्र्याला घेऊन डोंगराच्या अंगाला गेलो. तिकडं बिब्ब्याची झाडं आहेत. बाया बिबे फोडून आतली गोडंबी काढून नेतात आणि टरफलं तिथंच टाकतात. त्या टरफलांवर कुत्रं मनसोक्त लोळलं. त्याच्या पाठीला चिकट तेल लागलेलं मी पाहिलं. ते तेल माणसाच्या कातडीचं काय करतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पाल्यानं थोडंफार पुसलं. काळ्या केसांवर काळा डाग, कुणाला दिसणार होता? घरी जाऊन धुवायचं होतं, पण चालून दमलो होतो. उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी दोन बोटं फुगली. कंदिलाच्या काचेनं भाजलं असं सांगून मी चिंधी गुंडाळली. संध्याकाळी वहिनीचे हात कोपरापर्यंत लाल झाले. सकाळी बघतो तर गाल टरारलेले, डोळे सुजून मिटलेले, हातावर पाण्याचे फोड. शेजारची काकू आली आणि बघताक्षणी म्हणाली, हा बिब्बा उतलाय.

आता बिब्बा आला कुठून? वहिनीचं संक्रांतीचं नवं लुगडं पहिल्यांदाच धुऊन शनिवारी आलं होतं. घरोघरचे कपडे मिसळू नयेत म्हणून परीट बिब्ब्यात सुई बुडवून कपड्याला खूण करतात. त्या लुगड्याची खूण ताजी होती. झालं, सगळ्यांचं समाधान झालं.

परटिणीला बोलावलं. नवरा गेल्यावर ती एकटीच आमच्या गल्लीतली सात घरं धरून होती. त्या घरांच्या धान्यावर तिची चूल पेटायची. तिनं लुगडं मागून घेतलं आणि ओसरीवर पसरलं.

"खूण कुठंय बघा काकू. आतल्या टोकाला, कमरेपाशी. बाईचं उतलंय हाताला न् तोंडाला. कमरेला हाय का काही?"

वहिनीच्या कमरेवर एकही फोड नव्हता. पण काकू म्हणाली, "बिब्बा काय तुला विचारून उततो का?" बाया हसल्या. परटीण माझ्याकडं वळली.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. मी बोलून राह्यले ते बराबर हाय का न्हाई, तुम्हीच सांगा."

पहाटेच मी कुत्र्याला ओढ्यावर राखेनं घासून आणून गोठ्यात बांधलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर भावानं त्याला घालवलं असतं. दुसरं काही झालं नसतं.

"मावशी, मला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो.

खोबरेल लावून, तीळ-लोणी वाटून लावून वहिनी पंधरा दिवसांत बरी झाली. सातही घरांनी परटिणीकडं कपडे देणं बंद केलं. होळीच्या आत ती परतूरला भावाकडं निघून गेली. कुत्रं पुढं बरीच वर्षं आमच्याकडं होतं. मी त्याला कधी मारलं नाही, जवळही फारसं घेतलं नाही.

दोनेक वर्षांनी कामानिमित्त परतूरला गेल्तो. बाजारात एका लाँड्रीत ती इस्त्री करताना दिसली. मी मान वळवायच्या आत तिनं ओळखलं. बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. वहिनीच्या हाताला डाग तर राहिले नाहीत ना, म्हणून विचारलं. नाही म्हटलं. मग कपड्याची घडी घालता घालता ती म्हणाली, "मी लई भांडले तवा. मंग इचार केला, झाली असंल माझीच चूक. सुई जास्त बुडाली असंल."

इथं तिला एकटीला सांगितलं असतं तर कुत्र्याला घालवायला कुणी नव्हतं. तेव्हा गप्प बसलो तो फक्त माझ्यासाठी. चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

वहिनी अजून सुनांना सांगते, एका परटिणीनं माझं तोंड कसं सुजवलं होतं. मी तिथंच बसलेलो असतो. परटीण हयात आहे की नाही मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. चूक तुझी नव्हती, माझी होती, एवढं तिला सांगायचं मी देणं लागतो. आणि तेच वहिनीला, सुनांच्या समोर. दोन्ही अजून राहिलंय.